दादरहून बनवून घेतलेली अ‍ॅक्रिलिकची बोलकी काच: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ही कुठल्या कंपनीची वस्तू नाही त्यामुळे लिंक मागू नका, मिळणार नाही. दादर वेस्टला नेमप्लेट, ट्रॉफ्या, क्लिनिकच्या पाट्या असलं सगळं बनवणारं एक चिंचोळं दुकान आहे, तिथून मापं देऊन कापून घेतलेली अ‍ॅक्रिलिकची शीट आहे ही. घरात आम्ही तिला काच म्हणतो. आमचा लेक ११ वर्षांचा, सीपी आहे (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही), तोंडातून शब्द निघत नाहीत, हात त्याच्या ताब्यात नाहीत, आणि तो या काचेतून डोळ्यांनी बोलतो. बाहेरच्या देशांत याला ई-ट्रान फ्रेम म्हणतात आणि तयार मिळते, मला इथे तयार सापडली नाही म्हणून हा उपद्व्याप. चार आया व्हॉट्सॅपवर विचारत असतात, प्रत्येकीला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. लांब होणारे, चहा घेऊन बसा.

काचेच्या आधी थोडं लेकाबद्दल, नाहीतर काच अशी विचित्र आकाराची का आहे तेच कळणार नाही. जन्मला तेव्हा ठणठणीत होता. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली, लाईटखाली ठेवलं, मग रक्त बदललं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाळांची कावीळ बहुतेक वेळा आपली आपण उतरते, पण ती फार चढली की बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं ते पिवळं द्रव्य, मेंदूत शिरतं आणि नेमकं हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या खोलच्या भागात, ऐकण्याच्या आणि डोळे फिरवण्याच्या केंद्रांत जाऊन बसतं. कर्निक्टेरस म्हणतात त्याला. यातून होणारी सीपी म्हणजे पायांची कात्री होते, टाचा उचलतात ती नेहमी बघण्यातली सीपी नाही. याचं अंग सारखं वळवळतं, आणि जितका प्रयत्न करेल तितकं जास्त. झोपला की एकदम शांत, शेजारच्या पोरासारखा पोरगा. पण "बोट दाखव बघू" म्हटलं की हात भलतीकडे उडणार, तोंड वाकडं होणार आणि समोरच्याला वाटणार याला प्रश्नच कळला नाही. बोलण्याचंही तेच. श्वास, ओठ, जीभ, टाळू सगळ्यांनी एका तालात चालायचं असतं आणि याच्या बेंजो पार्टीतला प्रत्येक जण वेगळंच गाणं वाजवतोय.

सीपीच्या साधारण चार मुलांमागे एक बोलू शकत नाही असं सांगतात. आणि बोलत नाही म्हणजे कळत नाही असं नाही हे सांगून सांगून माझीच जीभ झिजली. लिफ्टमध्ये लोक त्याच्या डोक्यावरून मला विचारतात, "याला कळतं का हो सगळं?" कळतं. तुमच्या घरात काल रात्री कशावरून वाजलं तेही कळलंय त्याला, भिंती पातळ आहेत आपल्या.

तर काच. पहिली काच मी इंटरनेटवरचे फोटो बघून सांगितली होती. दोन फूट रुंद, दीड फूट उंच, मधोमध चौकोनी खिडकी कापलेली. मूल एका बाजूला, आपण दुसऱ्या बाजूला, खिडकीतून एकमेकांचा चेहरा दिसतो, आणि चारी बाजूंच्या पट्टीवर चित्रं चिकटवलेली. मूल ज्या चित्राकडे बघेल ते आपण त्याच्या बुबुळांवरून ओळखायचं आणि मोठ्याने म्हणायचं, त्याने हो म्हटलं की पक्कं. बॅटरी नाही, चार्जर नाही, नेटवर्क नाही.

दुकानातल्या काकांचा पहिला प्रश्न, "ताई, वाचायचं कुठल्या बाजूने?" म्हटलं दोन्ही बाजूंनी. म्हणे दोन्ही कसं, नेमप्लेट एकाच बाजूने वाचतात, आम्ही मागून उलटं कोरतो मग पुढून सुलटं दिसतं. मग त्यांना सगळं सांगितलं, मुलगा असा आहे, तो इकडून बघणार मी तिकडून बघणार. काकांनी एक कोरी शीट उचलली, कटिंगवाल्या पोऱ्याला समोर स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, चारपैकी कुठल्याही कोपऱ्याकडे बघ रे, मी ओळखतो. तीनदा बरोबर ओळखलं, चौथ्यांदा चुकले कारण पोऱ्या हसायला लागला. "हां, आता कळलं," म्हणाले आणि मला सांगितलं की काहीच कोरू नका, पोराचे शब्द बदलत राहणार, कोरलेलं बदलता येत नाही, वेलक्रो लावा आणि कार्डं दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून चिकटवा. इतक्या वर्षांत इतक्या तज्ज्ञांना भेटले पण "पोराचे शब्द बदलत राहणार" हे वाक्य मला पहिल्यांदा एका ट्रॉफीवाल्याने ऐकवलं.

३ एमएमची शीट, कोपरे गोल, कडा बफिंग करून गुळगुळीत, दोन्ही कडांना हात घालून धरायला लांबट खाचा. ६५० रुपये झाले. कोपरे पहिल्या वेळी टोकदारच ठेवले होते, परत करायला लावले, तेवढ्यासाठी एक चक्कर वाढली. हे विसरू नका, ज्या मुलाचा हात उडतो त्याच्यासमोर टोकदार कोपरा म्हणजे काय ते सांगायला नको.

आणि ही काच दोन महिने साफ फेल गेली.

वरच्या पट्टीवर मी "बाहेर जायचंय", "खाऊ" आणि "आजी" लावलं होतं, खाली "पाणी", "शू" आणि "टीव्ही". दोन महिने पोरगं फक्त पाणी, शू, टीव्ही. सासूबाई हिरमुसल्या, म्हणे नातू मला कधी मागतच नाही. थेरपी सेंटरवाल्यांनी फाईलमध्ये लिहिलं की शब्दसंग्रह मर्यादित आहे, फक्त मूलभूत गरजा सांगतो. मी वैतागून एक दिवस कार्डांची अदलाबदल केली, पाणी वर आणि आजी खाली. त्या दिवशी आजीला इतक्या वेळा बोलावलं की त्यांचा स्वयंपाक राहिला, आणि पाणी मात्र एकदाही मागितलं नाही. मे महिन्यात! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता पण नाही पडला, मला वाटलं मूड असेल.

कळलं ते गोकुळाष्टमीला. आमच्या नाक्यावरची हंडी, बाबांनी त्याला उचलून धरलेलं, थर लागत होते. चौथा थर लागला, पाचवा लागला आणि मी हंडी सोडून याच्याकडे बघत होते, तर याचे डोळे समोरच, सगळं डोकंच मागे मागे जातंय, शेवटी बाबांच्या हनुवटीवर आपटलं. आम्ही आजवर त्याला अंग ताणतोय, डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडणं) आहे म्हणत होतो. तो वर बघत होता! डोळे वर जात नाहीत म्हणून मान टाकून बघत होता. आणि सीपी चेअरमध्ये बसवला की डोकं हेडरेस्टला टेकलेलं, पट्टा लावलेला, मान मागे जायला जागाच नाही. घरी येऊन कुरकुऱ्याचं पाकीट नाकासमोरून हळूहळू वर नेलं, भुवयांच्या खालपर्यंत डोळे आले आणि थांबले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, अपगेझ नाहीये, कर्निक्टेरसच्या मुलांमध्ये दिसतं हे. म्हणजे दोन महिने आम्ही सासूबाईंना अशा जागी टांगून ठेवलं होतं जिथे नातवाची नजर पोचतच नव्हती.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. तो सहा वर्षांचा असताना एका ठिकाणी असेसमेंट झालं होतं, तिथे त्याला सांगितलेलं की हो असेल तर वर बघ, नाही असेल तर खाली बघ. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात, बऱ्याच मुलांना जमतेही. आमचं पोरगं अर्धा तास खालीच बघत होतं किंवा मान ताणत होतं. रिपोर्ट आला, हो-नाही विश्वासार्ह नाही. त्या एका ओळीवर पुढची चार वर्षं गेली. तुझं नाव हेच आहे का विचारल्यावरही त्याने "नाही" म्हटलं होतं, यावरून तरी कुणीतरी थांबून विचार करायला हवा होता, आणि त्यात मी पण आले, मी पण तिथेच बसले होते की.

आता त्याचा "हो" म्हणजे दोन सेकंद डोळे घट्ट मिटणं. साधी उघडझाप वेगळी आणि हे वेगळं, लगेच ओळखू येतं. "नाही" म्हणजे डोळे उघडे ठेवून सरळ आपल्याकडे बघणं, फार अपमानास्पद वाटतं पण सवय होते.

गणपती संपल्यावर परत दादरला गेले (गणपतीच्या आधी त्या दुकानात जाऊ नका, मखरांच्या ऑर्डरी असतात, काका तोंड वर करून बघत पण नाहीत). म्हटलं वरची पट्टीच काढून टाका. काकांनी आधी समजावलं की वरचा आधार गेला की दोन्ही हात लडबडणार, ३ एमएममध्ये नाही चालणार, ५ एमएम घ्या. तशी बनवली, इंग्रजी यू सारखी, वरून उघडी. डावीकडे तीन जागा, उजवीकडे तीन, खाली दोन. ११५० रुपये, वजन किलोच्या थोडं वर, सेंट्रल लाईनला दिव्यांगांच्या डब्यातून भांडुपपर्यंत आणली तर समोरच्या काकांनी विचारलं, टॉयलेटची सीट आहे का. आकार पाहता राग आला नाही.

यात बसायची पद्धत बदलते हे लक्षात घ्या. सगळ्या जागा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा खाली यायला हव्यात, म्हणून तो खुर्चीत आणि मी खाली पाटावर, काच माझ्या तोंडासमोर. तो माझ्याकडे खाली बघत बोलतो, साहेब खुर्चीत आणि अर्जदार जमिनीवर.

आता टॅबबद्दल, कारण हा प्रश्न येतोच, एवढं सगळं करण्यापेक्षा अ‍ॅप का नाही. अ‍ॅप आहे. म्हणजे होतं. वर्षाचे पैसे भरून एक घेतलं होतं, नाव लिहीत नाही. चित्रं सगळी कुठल्यातरी थंड देशातली, नाश्त्याला सँडविच, बाहेर बर्फाचा माणूस. मराठी भाषा निवडली की आवाज रेल्वेच्या अनाउन्समेंटचा, "मला पाणी हवे आहे." कोण बोलतं असं? शिवाय पोरगा असून "मी जाते", "मी खाते", तो प्रत्येक वेळी तोंड फिरवायचा, आम्हाला वाटायचं अ‍ॅप आवडत नाही, त्याला त्याची मुलगी झालेली आवडत नव्हती. आणि मुख्य म्हणजे त्यात "ना" नाही, "च" नाही, "की" नाही. "नको" आणि "नको ना" यात किती अंतर आहे ते मराठी आईला विचारा. "चल" आणि "चल की". "आई" आणि "आईच". आमच्या काचेवर "ना, च, की" चं एक वेगळं कार्ड आहे आणि सगळ्यात जास्त तेच मळलंय.

पण अ‍ॅप म्हणून सगळेच वाईट नाहीत हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आयआयटी बॉम्बेच्या आयडीसीमधून, म्हणजे तिथल्या डिझाइन स्कूलमधून, निघालेलं जेलो फुकट आहे, मराठीत चालतं, आणि त्यात आवडतं, नावडतं, हो, नाही, आणखी, कमी अशी बटणं आहेत, म्हणजे आधी वस्तू निवडायची आणि मग तिच्याबद्दल काय वाटतं ते सांगायचं. माझ्या मैत्रिणीची मुलगी हे झकास वापरते, तिचं एक बोट नीट चालतं. एक बोट चालत असेल तर त्याच्यासारखं काही नाही. मालिनी चिब यांच्याबद्दल वाचलंच असेल, करंगळीने टाइप करून त्यांनी किती शिक्षण केलं, त्यांच्याच आईने, मिठू अलूर यांनी, १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली होती, आताची अडॅप्ट. पण आमच्याकडे बोटाचा भरवसा नाही. टॅबवर हात आपटतो आणि "मला झोप आली आहे, मला झोप आली आहे" सुरू.

डोळ्यांनी चालणाऱ्या मशीनचा डेमोही घेतला. स्क्रीनखाली कॅमेऱ्याची पट्टी असते, ती बुबुळं पकडते, जिथे बघाल तिथे क्लिक. भारीच प्रकार आहे आणि किंमत लाखांत. याचं डोकं हललं की पट्टीला डोळे सापडेनात, आणि सेटिंग करताना स्क्रीनच्या सगळ्या कोपऱ्यांतल्या ठिपक्यांकडे बघायचं असतं, वरचे दोन ठिपके आले की संपलं. तेव्हा हंडी व्हायची होती, मला कारण माहीत नव्हतं. आता स्क्रीन खाली बसवून परत एकदा बघायचं मनात आहे, फक्त पैशांचं तेवढं कुणी बघा.

चित्रांवर आम्ही सहा महिने होतो. मग मला जाणवलं की चित्रं मी निवडतेय. म्हणजे तो बोलणार काय, तर मला जे सुचलं तेवढंच. त्याला "बोअर झालं" म्हणायचं असेल आणि मी कार्डच केलं नसेल तर? त्याला अक्षरं येत होती, शाळेत आणि घरी आजीने बालभारती वाचून वाचून घेतलं होतं, येतात हे आम्हाला अंदाजाने माहीत होतं. इंग्रजीवाले ई-ट्रानवर अक्षरांचे गठ्ठे करतात आणि दोनदा बघायला लावतात, पहिल्या नजरेला गठ्ठा, दुसऱ्या नजरेला रंग. मी रात्री अकरा वाजता वही घेऊन बसले की आता मराठीची एवढी अक्षरं कशी मांडायची आणि पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की अगं, मांडणी तर आधीच झालेली आहे. क ख ग घ ङ. च छ ज झ ञ. पाच वर्ग, प्रत्येकात पाच. शाळेत छड्या खाऊन पाठ केलेली वर्णमाला म्हणजे डोळ्यांनी बोलायचा तक्ताच आहे!

तर आठ जागांवर आठ गठ्ठे. क, च, ट, त, प हे पाच. सहावा य र ल व श. सातवा स ह ळ क्ष ज्ञ (पोटफोड्या ष ला काढून टाकलाय, शुद्धलेखनवाल्यांनी माफ करावं). आठवा स्वर आणि मात्रांचा. रंग पाच, पहिलं अक्षर नेहमी लाल, दुसरं पिवळं, तिसरं हिरवं, चौथं निळं, पाचवं काळं, आणि त्या पाच रंगांचे ठिपके काचेवर पाच ठिकाणी. ग हवा असेल तर आधी क च्या गठ्ठ्याकडे बघायचं, मग हिरव्या ठिपक्याकडे. म म्हणजे प चा गठ्ठा आणि काळा. ङ आणि ञ ला आयुष्यात कोण विचारतं, त्यांच्या जागी "चुकलं" आणि "संपलं" टाकलं. रंगांचे ठिपके स्टेशनरीच्या दुकानातले, दहा रुपयांचं पाकीट. माझ्या बाजूने प्रत्येक कार्डामागे तेच अक्षर बारीक लिहिलंय कारण त्याचं डावं ते माझं उजवं, पहिल्या आठवड्यात मी इतकी गोंधळले की तो वैतागून डोळेच मिटून बसला आणि मी ते "हो" समजले.

मात्रा तो देत नाही. देता येतात, आठवा गठ्ठा आहे, पण प्रत्येक अक्षराला दोन नजरा आणि वर मात्रेच्या दोन, कंटाळतो. त्यामुळे आमच्याकडे सगळं बिनमात्रांचं चालतं, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नसायची म्हणतात, इथे तर आकार-उकारही गेले. पहिला शब्द त्याने सांगितला तो नाश्त्याच्या वेळी. त च्या गठ्ठ्यातला काळा, क च्या गठ्ठ्यातला लाल. न, क. नाक! सगळं घर नाचलं, बाबांनी व्हिडिओ काढला, मी नाक पुसलं. परत न, क. परत पुसलं. आजीने वाफ द्यायला पाणी गरम केलं. दोन दिवस पोराचं नाक पुसून पुसून लाल झालं आणि तिसऱ्या दिवशी उपम्याचा चमचा तोंडाजवळ नेताना परत न, क आलं तेव्हा माझ्या हातातला चमचा थांबला. नको. उपमा नको. अकरा वर्षं आम्ही त्याला उपमा भरवतोय.

त्यानंतरचं सगळं लिहीत नाही. एकच सांगते, बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, रविवारी राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाऊ, तर काचेवर ख, ट. खाट? खाटेवर झोपायचंय? डोळे उघडेच. बाबांना पाचेक मिनिटांनी कळलं, खोटं. त्या रविवारी गेलो, जावंच लागलं.

काचेचे तोटे पण लिहिते, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. आवाज नाही हा सगळ्यात मोठा. तो दुसऱ्या खोलीतून मला हाक मारू शकत नाही, कुणीतरी काच घेऊन समोर बसल्याशिवाय तो मुका. म्हणजे बोलायचं कधी हे अजूनही आम्हीच ठरवतो, आणि त्यावर उपाय म्हणून सध्या डोक्याजवळ एक साधी घंटी लावलीये जी डोकं डावीकडे कललं की वाजते, दिवसातून चाळीस वेळा चुकूनही वाजते. हळू आहे, एका शब्दाला मिनीट मिनीट जातं, पाहुण्यांना दम निघत नाही, अर्ध्यातच अंदाज सांगून मोकळे होतात आणि तो बिचारा चुकीच्या अंदाजालाही कधीकधी हो म्हणून टाकतो, सुटका करून घ्यायला. ट्यूबलाईटचं रिफ्लेक्शन येतं, लाईट काचेसमोर नको, बाजूला हवा. माझे खांदे दुखतात. आणि अनोळखी माणसाला ती वापरता येत नाही. सीपीच्या मुलांच्या संवादाच्या पाच पातळ्या करतात, सीएफसीएस नावाचं मोजमाप आहे २०११ चं, त्यात मला आवडलेली गोष्ट ही की तोंडाने बोलतो का हे बघतच नाहीत, डोळे, खुणा, मशीन काहीही चालतं, आणि बघतात ते हे की ओळखीच्या माणसाशी जमतं का आणि परक्याशी जमतं का. आमचं ओळखीच्यांशी जमायला लागलंय. परक्यांचं म्हणाल तर फक्त खालचा इस्त्रीवाला, त्याने स्वतःहून शिकून घेतलं, त्याला देवनागरी येते आणि वेळ असतो.

शाळेचा एक किस्सा. काच वर्गात नको म्हणत होते, बाकीच्या मुलांचं लक्ष जातं. मी भांडले नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवाद म्हणजे काय याची व्याख्या आहे, त्यात ब्रेल, सांकेतिक भाषा यांच्यासोबत बोलण्याला पूरक आणि पर्यायी पद्धती असं स्पष्ट आहे, त्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडली. पुढच्या सोमवारपासून काच वर्गात. आता मधल्या सुट्टीत पोरं तिच्यातून एकमेकांना शिव्या सांगतात असं बाईंनी कळवलंय. दोन अक्षरी शिव्या फार पटकन होतात त्यात.

दुकानाबद्दल प्रॅक्टिकल माहिती: रविवारी बंद, जीपे चालतं, बनवायला दोन दिवस, कागदावर माप काढून न्या, तोंडी सांगितलं की गडबड होते. शीटवरचा ब्राऊन कागद घरी येईपर्यंत काढू नका, ओरखडे पडतात. कॉलिन मारू नका, मी मारलं आणि बारीक चिरा दिसायला लागल्या, ओलं फडकंच बरं. आणि आधी तुमच्या मुलाचे डोळे कुठे कुठे जातात ते नीट बघून घ्या, वर, खाली, दोन्ही बाजूंना, मगच आकार सांगा. आमच्यासारखी यू सगळ्यांना लागणार नाही, बऱ्याच मुलांना पूर्ण चौकट चांगली. नजर एका जागी ठरतच नसेल तर मात्र काचेच्या नादी लागू नका, तुम्ही एकेक पर्याय म्हणत जायचं आणि हवा तो आला की त्याने हो करायचं, ते जास्त बरं पडेल.

स्टार किती द्यायचे म्हणून शेवटी ज्याची वस्तू त्यालाच विचारलं. आकड्यांची कार्डं लावली. चार. पाच का नाही रे, काय कमी आहे? च चा गठ्ठा, हिरवा. ट चा गठ्ठा, हिरवा. ज, ड.

जड? तुला काय जड, धरते तर मी. डोळे उघडेच, सरळ माझ्याकडे.

बरं, जाड?

दोन सेकंद घट्ट मिटले.

काच जाड आहे? पातळ करून आणू? डोळे उघडे. मग जाड कोण? मी पाटावर, काच हातात, आणि वरून साहेब बघतायत, खिडकीतून माझा चेहरा पूर्ण मावत नाही म्हणून एक स्टार कापलाय की काय. म्हटलं, मी? मी जाड?

अजून मिटलेलेच आहेत. मुद्दाम.